पोथीच्या रुमालांतील वेखंड

जुनीं दप्तरें व पोथ्यांचे रुमाल सोडण्याचा ज्यांस सराव आहे त्यांस पुढील गोष्ट नवी वाटणार नाहीं. रुमालाची गांठ सुटते, वरची फळी निघते, आणि पहिलें पान हातीं येण्यापूर्वींच एक सुकलेला, पेरापेरांचा, तांबूस पिंगट तुकडा खालीं पडतो. कधीं तो चिंधींत बांधलेला असतो, कधीं मोकळाच फळीशीं ठेवलेला असतो. यादी करणारा मनुष्य तो उचलून केराबरोबर बाजूस सारतो. मग पानें मोजतो, आरंभ व समाप्ति उतरून घेतो, लेखकाचें नांव व शक टिपतो. तुकड्याची नोंद यादींत कोठेंच होत नाहीं. हा तुकडा म्हणजे वेखंड. पोथीच्या पानांबद्दल आपण इतके दक्ष असतांना पोथीच्या या सोबत्याबद्दल इतके बेपर्वा कां, असा प्रश्न आमच्या मनांत पुष्कळ दिवस घोळत होता. त्याचें उत्तर शोधतांना तीन मुद्दे पुढें आले. जुन्या ग्रंथांतील वचा ती हीच काय. तिच्या अंगीं जो गुण मानला गेला तो कशामुळें. व त्या गुणावर आज पोथ्या सोंपवून स्वस्थ बसावें काय. या तिहींचा विचार प्रस्तुत लेखांत क्रमानें करावयाचा आहे.

१. नांवांचा विचार

संस्कृत वैद्यकांत वेखंडास वचा म्हणतात. चरकसंहितेंत लेखनीय व संज्ञास्थापन या महाकषायांत तिचा समावेश आहे; सुश्रुतसंहितेंत तर एका गणासच वचादि हें नांव आहे. वाणी, बुद्धि व स्मृति यांसाठीं दिल्या जाणाऱ्या सारस्वत चूर्णांत ती प्रमुख आहे, आणि तान्ह्या मुलास वेखंड उगाळून चाटविण्याची आपल्याकडील चाल याच समजुतीची. वाणीला बळ देणारी म्हणून जिची ख्याति, तिच्याच हवालीं आपल्या पूर्वजांनीं लिहिलेली वाणीहि केली, हा योग ध्यानांत ठेवण्यासारखा आहे.

निघंटुकारांनीं दिलेले पर्याय पाहिले असतां ते केवळ स्तुतिपर नाहींत हें दिसून येईल. उग्रगंधा, षड्ग्रंथा, शतपर्विका, लोमशा, गोलोमी हीं नांवें वस्तु हातांत घेऊन ठेविलेलीं आहेत. ज्यास आपण व्यवहारांत वेखंडाचें मूळ म्हणतों तें वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनें मूळ नव्हे. तें चिखलांत आडवें वाढणारें खोड होय. त्यास जवळजवळ पेरें असतात, खालच्या अंगास बारीक मुळ्या फुटतात, आणि पानें झडल्यावर पेरांवर केसांसारखे तंतु राहतात. शतपर्विका व लोमशा या दोन शब्दांत हें सर्व वर्णन आलें. लिनिअसनें इ. स. १७५३ मध्यें ज्या वनस्पतीस आकोरस कालामुस हें नांव दिलें तिच्याशीं हीं लक्षणें जुळतात, म्हणून मुख्य वचेच्या ओळखीविषयीं फारशी शंका राहत नाहीं.

शंका येते ती विशेषणयुक्त वचेविषयीं. सोळाव्या शतकांतील भावप्रकाशांत नुसत्या वचेशिवाय आणखी तीन वचा सांगितल्या आहेत. पारसीक वचा ही पांढरी, तिलाच हैमवती म्हटलें आहे. महाभरी वचा म्हणजे कुलिंजन. द्वीपांतर वचा म्हणजे चोपचीनी. या चारी वस्तु एका जातीच्या तर नाहींतच, एका कुळाच्याहि नाहींत. कुलिंजन हें आल्याच्या कुळांतलें, तर चोपचीनी ही चीनकडील एका वेलीचें कंद. नव्यानें हातीं आलेल्या मुळास जुन्या प्रतिष्ठित मुळाचें नांव देऊन त्यापुढें देशवाचक शब्द जोडण्याची ही रीत होती. तेव्हां एखाद्या बाडांत नुसतें "वच" असें लिहिलेलें पाहून त्याचा अर्थ डोळे मिटून वेखंड असा करणें धोक्याचें आहे; मागचे पुढचे शब्द, रोग आणि अनुपान पाहूनच निर्णय करावा.

या गोंधळांतून पोथीसंग्राहकांस एक लाभहि आहे. चोपचीनी हिंदुस्थानांत इ. स. १५३५ च्या सुमारास माहीत झाली असें गोव्यांतील पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता सांगतो, आणि भावप्रकाशांत तिचा उपयोग फिरंग रोगावर, म्हणजे फिरंग्यांच्या संसर्गानें आलेल्या रोगावर सांगितला आहे. तेव्हां ज्या वैद्यक बाडांत द्वीपांतर वचा किंवा चोपचीनी आढळेल तें बाड, निदान तो योग, सोळाव्या शतकाच्या अलीकडील समजावा. शक नसलेल्या पोथीचा काळ ठरवितांना अक्षराचें वळण व कागद यांबरोबरच ही एक कसोटी लावून पाहण्यास हरकत नाहीं. मात्र ती एकाच बाजूनें लागू पडते. चोपचीनी नसणें हा जुनेपणाचा पुरावा नव्हे.

२. गोव्यांतील साक्ष

वेखंड या देशी नांवाचा छापील पुरावा शोधूं गेल्यास गोव्याकडे वळावें लागतें. वर उल्लेखिलेला ओर्ता इ. स. १५३४ मध्यें गोव्यास आला व १५६८ मध्यें तेथेंच वारला. मध्यंतरीं अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारीं तो वैद्य म्हणून जात असे, त्यामुळें कोकण व घाटावरील मुलूख या दोहोंतील नांवें त्याच्या कानांवर होतीं. हिंदुस्थानांतील औषधींवरील त्याचा संवादरूप ग्रंथ जोआनेस द एंडेम यानें गोव्यांत छापला. त्यावर १० एप्रिल १५६३ ही तारीख आहे, म्हणजे शके १४८५ चा आरंभ.

या ग्रंथांत सुगंधी वेखंडावर एक स्वतंत्र संवाद आहे, व त्यांत निरनिराळ्या प्रांतांतील नांवें दिलीं आहेत. गुजराथेंत वज, दक्षिणेंत बच, मलबारांत वजंबु, आणि समुद्रकाठच्या कोकणांत जें नांव तो देतो तें पोर्तुगीज उच्चाराप्रमाणें "वैकां" असें वाचलें जाईल. शेवटचा अनुनासिक लक्षांत घेतां हें आपलें वेखंडच, यांत आम्हांस संशय वाटत नाहीं. परकी कानानें टिपलेला शब्द आहे, म्हणून "ख" चा "क" होणें व अंतींचा "ड" गळणें यांत नवल नाहीं. एका साध्या घरगुती शब्दाचें अस्तित्व चारशें साठ वर्षांपूर्वींच्या छापील पानावर असें सांपडावें, ही भाषेच्या इतिहासाच्या दृष्टीनें लहान गोष्ट नव्हे.

येथें एक सावधगिरीची सूचना करणें अवश्य आहे. १५८३ ते १५८८ पर्यंत गोव्यांत राहिलेला डच प्रवासी लिन्स्खोतन याच्या १५९६ च्या ग्रंथांतहि हींच नांवें थोड्या फरकानें येतात. ती दुसरी स्वतंत्र साक्ष मानण्याचा मोह होतो. परंतु ओर्ताच्या ग्रंथाचा क्लुसिउसनें केलेला लॅटिन संक्षेप १५६७ मध्येंच अँटवर्प येथें निघाला होता, व लिन्स्खोतनच्या औषधिविषयक प्रकरणांचा मोठा आधार ओर्ताच आहे. म्हणून दिसण्यांत साक्षीदार दोन असले तरी साक्ष एकच. नक्कल झालेल्या कागदास अस्सल समजून दोन पुरावे मोजण्याची चूक आपल्या बखरींच्या बाबतींत अनेकांनीं केली आहे. ती येथें करूं नये.

ओर्ताच्या मजकुरांतील आणखी एक गोष्ट नमूद करण्याजोगी. थंडीच्या दिवसांत घोड्यांस वेखंड लसूण वगैरे पदार्थांबरोबर चारतात असें तो सांगतो. हिंदींत वेखंडास घोडवच म्हणतात, त्या नांवाशीं ही माहिती चांगली जुळते. मराठी संग्रहांत शालिहोत्राच्या पोथ्या पुष्कळ आहेत. त्यांतील मसाल्यांच्या याद्यांत वच, वेखंड, घोडवच यांपैकीं कोणतें नांव कोठें येतें हें कोणी तपासून पाहिल्यास ओर्ताच्या विधानास देशी लेखांचा आधार मिळण्याचा संभव आहे.

३. उग्रगंधेचा गंध

आतां गुणाकडे वळूं. वेखंडाचें सामर्थ्य गंधांत आहे हें नांवावरूनच दिसतें. सुकें वेखंड कुटून वाफेवर धरलें असतां त्यांतून उडून जाणारें पिंवळसर तेल निघतें. तें वजनाच्या मानानें थोडें, शेंकडा दोनतीन भागांच्या आसपासच असतें. पण वेखंडाचा सर्व उग्रपणा त्यांत सांठविलेला असतो. या तेलांतील मुख्य द्रव्यास आसारोन म्हणतात. आसारम नांवाच्या दुसऱ्याच एका युरोपीय वनस्पतींत तें आधीं आढळलें, म्हणून त्यास हें नांव पडलें. त्याच्या एका कणांत कर्बाचे १२, हैड्रोजनाचे १६ व प्राणवायूचे ३ परमाणु असतात.

या द्रव्याचीं आल्फा व बीटा अशीं दोन रूपें आहेत. दोहोंत परमाणु तेच व तितकेच. फरक फक्त कणाच्या शेपटाची वळण्याची दिशा कोणती एवढाच. तेंच अक्षर, पण एकाची वेलांटी डावीकडे व दुसऱ्याची उजवीकडे, असें म्हटल्यास लेखनाच्या अभ्यासकांस चटकन् समजेल. वेलांटीनें अर्थ फिरतो, तसा या वळणानें गुण फिरतो. कीटकांवरील परिणामाचा मुख्य भार बीटा रूपावर आहे.

पण सर्व वेखंड सारखें नसतें. वनस्पतीच्या पेशींतील रंगसूत्रें मोजून शास्त्रज्ञांनीं वेखंडाचे मुख्य तीन वर्ग ठरविले आहेत. चोवीस रंगसूत्रांचें वेखंड उत्तर अमेरिकेंत व सैबीरियाकडे होतें, व त्याच्या तेलांत बीटा-आसारोन जवळजवळ नसतें. छत्तीस रंगसूत्रांचें युरोपांत व हिमालयाच्या कांहीं भागांत होतें. त्यांत तें माफक असतें. यास बीं धरत नाहीं, म्हणून तें जेथें जेथें गेलें तेथें माणसाच्या हातून, खोडाचे तुकडे लावूनच पसरलें. अठ्ठेचाळीस रंगसूत्रांचें दक्षिण व पूर्व आशियांत होतें, आणि त्याच्या तेलाचा बहुतांश बीटा-आसारोनच असतो. याचा अर्थ असा कीं, हिंदुस्थानांतील वैद्यांनीं वेखंडास उग्रा म्हटलें व युरोपांतील लोकांनीं त्यास सौम्य सुगंधी मूळ मानून त्याचा पाक खाल्ला, यांत कोणीच खोटें बोलत नव्हतें. नांव एकच, पण वस्तु निराळी होती. ग्रंथांतील गुणवर्णनें परस्परविरुद्ध दिसलीं कीं एकास प्रमाद ठरवून मोकळे होण्याची आपली संवय असते. अशा वेळीं दोन्हीं लेखकांच्या हातीं एकच वस्तु होती काय, हें अगोदर पाहावें.

४. कसर आणि वेखंड

पोथ्यांच्या अंतीं लेखकांची जी विनवणी असते तिच्या नेहमींच्या पाठांत तेल, पाणी, सैल बांधणी व मूर्खाचा हात यांपासून रक्षण मागितलें आहे. कांहीं पाठांत उंदीर, अग्नि व चोरहि येतात. परंतु पोथीचा जो सर्वांत चिकट शत्रु, कसर, त्याचें नांव त्या नेहमींच्या पाठांत नाहीं. याचें कारण आम्हांस असें वाटतें कीं, त्या शत्रूचा बंदोबस्त विनवणीनें करावयाचा नसून वस्तूनें करावयाचा, ही समजूत इतकी रूढ होती कीं लिहिण्याची गरज नव्हती. हरताळ लावून कागद पिंवळा करणें, कडुलिंबाचा पाला घालणें आणि वेखंड ठेवणें हे उपाय सर्वांस ठाऊक होते. हा आमचा तर्क आहे. यास लेखी आधार कोणी दाखविल्यास आनंद होईल.

या समजुतीस अर्वाचीन शास्त्राचा पाठिंबा आहे. जम्मू येथील प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेंतील सक्सेना, कौल, टिकू व अटल यांनीं १९७७ मध्यें वेखंडापासून वेगळें केलेलें द्रव्य कीटकांस वंध्य करतें असें प्रसिद्ध केलें. म्हणजे वेखंड किड्यास केवळ पिटाळून लावीत नाहीं. त्याच्या वाफेंत राहिलेल्या मादीच्या अंडकोशाची वाढ खुंटते व पुढची पिढी निपजत नाहीं. सांठविलेल्या धान्यांतील भुंग्यांवर याचे पुष्कळ प्रयोग झाले आहेत. बंद डब्यासारख्या, गच्च बांधलेल्या रुमालांत हा उपाय कां निवडला गेला असेल, हें यावरून समजतें. सैल बांधणीपासून रक्षण मागणारी विनवणीहि येथें निराळ्या अर्थानें खरी ठरते; रुमाल सैल असला कीं धूळ आंत येते, आणि वाफहि बाहेर जाते.

मात्र येथेंच थांबणें म्हणजे अर्धा पुरावा वाचून निवाडा करणें होईल. जें द्रव्य वाफ होऊन काम करतें तें काम करीत असतांनाच संपत जातें. वर्षें लोटलीं कीं तुकडा उरतो, उग्रता उरत नाहीं. जुनाट वेखंडास कीड लागते, ही गोष्ट औषधांचे व्यापारी फार पूर्वींपासून जाणून आहेत. ज्या रुमालांतील वेखंडासच भोकें पडलीं आहेत, त्या रुमालांत वेखंडाच्या भरंवशावर पोथी ठेवणें म्हणजे झोपलेल्या पहारेकऱ्याच्या उशाशीं खजिना ठेवण्यासारखें होय.

मग पूर्वीं हा उपाय चालला कसा? आमच्या मतें त्याचें उत्तर वेखंडांत नसून रीतींत आहे. आश्विनांत सरस्वतीपूजनास व दसऱ्यास घरोघर पोथ्या बाहेर काढल्या जात. पावसाळा नुकताच संपलेला, पानांत ओल शिरलेली, किडीचा जोर झालेला, अशा नेमक्या वेळीं रुमाल सुटे, पानें झटकलीं जात, वारा लागे. ज्या घरीं त्याच वेळीं जुनें वेखंड काढून नवें घातलें गेलें असेल तेथें उपाय सफळ झाला; ज्या घरीं पूजेस नुसता बांधलेला रुमालच पाटावर मांडला गेला तेथें वेखंड असूनहि पोथीची चाळण झाली. पोथीचें खरें रक्षण केलें तें रुमाल सोडणाऱ्या हातानें. वेखंड हें त्या हाताचें हत्यार होतें.

५. उपद्रवाची बाजू

जें द्रव्य किड्यास बाधतें तें माणसास बाधणार नाहीं असें गृहीत धरतां येत नाहीं. हिंदी वेखंडाचें तेल दीर्घकाळ खाण्यांत दिलेल्या उंदरांच्या आंतड्यांत अर्बुदें झालीं, असा अनुभव १९६७ मध्यें प्रसिद्ध झाला, व पुढच्याच वर्षीं अमेरिकेंत वेखंड व त्याचें तेल खाद्यपदार्थांत घालण्यास बंदी झाली. अठ्ठेचाळीस रंगसूत्रांच्या वेखंडाविषयीं ही भीति विशेष, आणि आपलें वेखंड बहुधा त्याच वर्गांतलें. म्हणून जुन्या बाडांतील बाळगुटीचे योग छापतांना, ते आज करून पाहण्यासाठीं छापलेले नाहींत, अशी टीप संपादकानें जरूर द्यावी. विशेषतः अर्भकांस तें चाटवूं नये. योग हा इतिहासाचें साधन आहे. त्याचा प्रयोग करावयाचा कीं नाहीं हा निराळ्या शास्त्राचा प्रश्न.

पानांसहि त्याचा उपद्रव आहे. विनवणींत पहिला शत्रु तेल सांगितला आहे, आणि वेखंडाचें बळ तर तेलांतच. ताजें वेखंड पानांमध्यें मोकळें ठेवल्यास त्याचा डाग कागदास लागण्याची भीति असते. ज्यांनीं तें चिंधींत बांधून फळीबाहेर, रुमालाच्या घडींत ठेवलें त्यांस ही गोष्ट कळत होती असें म्हणावें लागतें.

६. उपसंहार

वरील विवेचनावरून आमचीं अनुमानें येणेंप्रमाणें आहेत. नुसत्या वचेची ओळख निश्चित आहे, पण विशेषणयुक्त वचा निरनिराळ्या होत व त्यांतील द्वीपांतर वचा काळनिर्णयास उपयोगी पडते. वेखंडाचा कीटकनाशक गुण खरा आहे, तो त्याच्या तेलांतील बीटा-आसारोनामुळें येतो, व तेल उडून गेलें कीं तो गुणहि जातो. म्हणून रुमालांत सांपडणारें जुनें वेखंड रक्षक म्हणून निरुपयोगी, परंतु साक्षीदार म्हणून मोलाचें आहे.

ती साक्ष कशी घ्यावी? गंध गेला तरी वेखंडाच्या खोडाची रचना नष्ट होत नाहीं. त्यांतील हवेच्या मोठ्या पोकळ्या व मधूनमधून असलेल्या तेलाच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखालीं ओळखतां येतात, व तें वेखंड आहे कीं कुलिंजन याचा निर्णय करतां येतो. तो तुकडा कोणत्या चिंधींत होता, चिंधीवर कांहीं लिहिलें होतें काय, पोथी वैद्यकाची कीं पुराणाची, पानांस किती कसर लागली, इतकें टिपून ठेवल्यास शेंकडों रुमालांच्या नोंदींवरून या रीतीचा पसारा व फळ हीं दोन्हीं एके दिवशीं सांगतां येतील. आज हें सांगणारा पुरावा केराच्या टोपलींत जात आहे.

म्हणून संग्राहकांस आमची विनंति अशी कीं, रुमाल सोडतांना वेखंड, पाला, चिंधी जें सांपडेल तें फेंकूं नये. कागदी पाकिटांत घालून, पोथीचा क्रमांक घालून, पोथीपासून वेगळें ठेवावें, आणि यादींत त्यासाठीं एक रकाना राखावा. नव्यानें वेखंड ठेवावयाचें झाल्यास तें पानांस न लागेल असें ठेवावें व दर वर्षीं बदलावें. आणि या दोहोंहून महत्त्वाचें म्हणजे रुमाल वर्षांतून एकदां सोडावा. ज्यांनीं या पोथ्या आपल्या हातीं पोहोंचविल्या त्यांनीं वेखंड ठेवलें तें पुन्हां कोणी तरी गांठ सोडील या भरंवशावर. तो भरंवसा खरा करणें आतां आपल्याकडे आहे.